चिकटवलेली पानं

४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. तूही बरीच असणार, नसतीस तर एव्हाना चार पानी रडगाणं येऊन पडलं असतं.

वाळवीसाठी तीन पुस्तकं वेगळ्या टपालाने पाठवली आहेत. मागच्या खेपेची तिने कुरतडून संपवली असतील. नऊ वर्षांच्या मुलीला वाळवी म्हणू नये असं तू लिहिलं होतंस, पण मी तिला विचारलं आहे, तिला ते नाव आवडतं. पहिलं पुस्तक बोकडाचं, नुसतं हसायचं. दुसरं दीपगृहात राहणाऱ्या मुलीचं. तिसरं कुत्र्याचं, आणि तो कुत्रा शेवटाच्या थोडा आधी मरतो. वाळवी रडेल. रडू दे. पुस्तक बुटासारखं बोटभर मोठं घ्यावं. बरोब्बर मापाचं घेतलं तर महिन्याभरात चावायला लागतं.

आमच्या ग्रंथालयाचा मुलांचा विभाग आता तळमजल्यावर आणलाय. बुटकी कपाटं, खाली सतरंजी, तिच्यावर शाईचे जुने डाग आणि रोज एक नवा. खिडकीबाहेर दगडी कठडा आहे, त्याच्यापलीकडे बस उभ्या राहतात. काल एक आई मुलाचं मनगट धरून आली आणि याला वळण लागेल असं काहीतरी द्या म्हणाली. मी मुलाला विचारलं, तुला कशाची भीती वाटते. त्याने आईकडे बघितलं. मी म्हटलं कळलं, आणि त्याला राक्षसिणीचं पुस्तक दिलं. बाई तोंडात मारल्यासारखी निघून गेली. मुलगा आज परत आला, एकटाच, पुढचा भाग मागायला.

मी वय विचारतच नाही, हे तुला ठाऊक आहे. दोनच प्रश्न विचारते. कशाची भीती वाटते, आणि खोटं कुणाशी बोलतोस. मूल ज्याच्याशी खोटं बोलतं ते त्याचं सगळ्यात जवळचं माणूस असतं. एवढं कळलं की पुस्तक आपोआप हाताला लागतं. तीस वर्षांत माझा हात चुकलेला नाही.

मेहुणे अजून फिरतीवरच का? वर्ष होत आलं. चष्म्याच्या फ्रेमा विकायला माणूस इतक्या लांब जातो म्हणजे जगात आंधळे फार वाढलेले दिसतात.

लोभ मागावा लागत नाही अशी आपली समजूत आहे, ती तशीच राहू दे.

तुझी,
ताई

०

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तकं पोचली. बोकडाने तर घर डोक्यावर घेतलंय. वाळवी जेवतानाही बोकडासारखी मान हलवते आणि खाऊ घातल्याशिवाय खात नाही. दीपगृहही आवडलं.

कुत्र्याचं पुस्तक मी आधी स्वतः वाचलं. दुकानातून येताना बसमध्ये वाचत होते आणि शेजारच्या बाईने मला रुमाल दिला. मग घरी येऊन कणकेची खळ केली आणि ती दोन पानं एकमेकांना चिकटवून टाकली. इतकी बेमालूम की शोधून सापडायची नाहीत. आता कुत्रा जंगलात जातो आणि पुढच्याच पानावर सगळे घरी बसलेले असतात. वाळवीने विचारलं, कुत्रा कुठे गेला, तर मी सांगितलं की फिरायला गेलाय. तू रागावशील. रागाव. पण तू बुटाचं सांगतेस म्हणून मी चष्म्याचं सांगते, कारण मला तेवढंच येतं. डोळ्याला अर्धा नंबर लागत असेल तर मी एक देत नाही. जास्तीच्या नंबराने दिसत नाही, डोकं दुखतं, आणि डोळा पुढे कायमचा बिघडतो. दुकानात रोज अशा आया येतात, पुढच्या वर्षीचाही नंबर आत्ताच घालून द्या म्हणतात.

यांचं काम चालू आहे. परवाच वाळवीसाठी मोठी रंगपेटी पाठवली त्यांनी. तिने ती अजून उघडलेली नाही, उशाशी घेऊन झोपते. आल्यावर बाबांच्यासमोर उघडणार म्हणते.

एक मागणं आहे. ज्यात बाप नसतो, किंवा जातो, अशी पुस्तकं सध्या पाठवू नकोस. का ते विचारू नकोस. बाकी तुझ्या निवडीला मी कधी नाव ठेवलंय?

लोभ आहे तसा असू द्यावा, पुस्तकं मात्र जरा हलकी असावीत.

तुझी,
धाकटी

०

११ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तकाला खळ लावणारी बाई माझी बहीण निघावी याची मला लाज वाटली. ग्रंथालयातल्या शिपायालासुद्धा सांगितलं नाही. लहानपणी तू बाहुलीचे डोळे पुसून काढले होतेस, तिला वाईट काही दिसू नये म्हणून. आईने त्याचं फार कौतुक केलं होतं. मी तेव्हाही म्हणाले होते की बाहुली आंधळी झाली.

आता एक गंमत ऐक. माझ्याकडे एक नवी वाचक येते. पाच वर्षांची आहे, दर शनिवारी येते. गोल गुलाबी चष्मा. मुलांचे चष्मे नाकावरून घसरतात, मी रोज बघते, पण हिचा ती ओणवी झाली तरी जागचा हलत नाही. कुणीतरी फार जीव लावून बसवलाय. हसताना एक खांदा वर उचलते. तिला मी बदकाचं चित्रपुस्तक दिलं. ते बदक सगळ्यांचं पाणी गढूळ करतं, म्हणून त्याला तळ्यातून हाकलतात आणि शेवटच्या दोन पानांत परत घेतात. मला तो शेवट पसंत नाही, पण पाच वर्षांच्या मुलांना असले शेवट लागतात.

तिचे वडील आत येत नाहीत. बाहेर कठड्यावर खिडकीकडे पाठ करून बसतात आणि सिगरेट ओढतात. सभासदाच्या कार्डावर सही हवी होती म्हणून मी ते मुलीच्याच हाती बाहेर पाठवलं. सहीचा नुसता फराटा होता. पण मला पाठ वाचता येते. पायाशी सुटकेस होती, कुलूप तुटलेलं, त्याच्यावरून हिरवा पट्टा आवळलेला. पट्ट्याला दुहेरी टीप आहे. तशी टीप आपल्या घरात कोण घालतं हे मी तुला सांगायला नको.

मुलीला विचारलं, कशाची भीती वाटते. म्हणाली, बाबांच्या सुटकेसची. उघडी असते तेव्हा नाही, बंद करतात तेव्हा. मी इतक्या मुलांना विचारलंय, इतकं नेमकं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

तेव्हा फिरती कुठवर आहे ते आता कळलं. माझ्या खिडकीपर्यंत. वाळवीला काय सांगायचं ते ठरव. की तिथेही खळ लावणार आहेस?

लोभ आहे, म्हणून तर लिहिलं.

ताई

०

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो माझा नवरा आहे. इतकं वळसे घेऊन लिहायची गरज नव्हती. वळसे तुला आवडतात, म्हणून तू दोन पानं मजा घेतलीस.

मला माहीत होतं. मागच्या वर्षी त्याने दुकानातून सगळ्यात लहान मापाची गुलाबी फ्रेम मागितली, कुणा गिऱ्हाइकाच्या मुलीसाठी म्हणून, आणि नंबरचा कागद पुढे केला. डाव्या डोळ्याचा तो तिरका नंबर मी त्याच्याच डोळ्याला दरवर्षी घालून देते. असा नंबर रस्त्यात कुणाला सापडत नाही. मी काचा घासल्या, बसवल्या. लहान मुलांचं नाक बसकं असतं, म्हणून टेकू आत वाकवून दिले. तो काउंटरपाशी उभा राहून माझे हात बघत होता. मला कळलंय हे त्याला तेव्हा कळलं. त्यानंतर तो घरी आलेला नाही. रंगपेटी दुकानाशेजारच्या स्टेशनरीतून मी आणली होती.

हे सगळं मी गिळलं आहे, तूही गिळ. वाळवीला अजून सांगायचं नाही. मी सांगेन, मी ठरवीन तेव्हा, माझ्या शब्दांत. ती तिच्या बापाची वाट बघत झोपते. ती झोप मोडायचा हक्क असलाच तर एकट्या मला आहे.

आता लिहायला जड जातंय ते लिहिते. माझं पोटाचं ऑपरेशन ठरलंय, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. डॉक्टर म्हणतात काळजीचं नाही, पण महिनाभर वजन उचलायचं नाही. सुट्टीत वाळवीला तुझ्याकडे ठेवावं लागेल, दुसरं कोणी नाही. ती तर दिवस मोजते आहे, तुझ्या टेबलाशी बसून शिक्के मारायचे आहेत तिला.

फक्त शनिवारी तिला तिथे नेऊ नकोस. शेजारी ठेव, कुलूप लाव, काय वाटेल ते कर. मला तुझा शब्द हवा. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, पुस्तकंही तू न मागता पाठवतेस.

लोभ किती आहे ते आता कळेल.

धाकटी

०

१ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

पाठव तिला. शनिवारी घरी ठेवीन, शब्द देते. ऑपरेशनचं फार मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या पोटात गोष्टी राहत नाहीत एवढाच त्याचा दोष होता, आणि आता तर राहायलाही लागल्या आहेत.

ताई

०

२६ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

वर ‘सौ.’ गाळलं आहे, चुकून नव्हे. ते यापुढे लिहावं की नाही हे तूच कळव.

ऑपरेशन नीट झालं हे कळलं. बरं वाटलं. आता पडल्या पडल्या वाचायला वेळ आहे, तर मी तुझ्या मुलीविषयी लिहिते. तुला ती ठाऊक आहे असं तुला वाटतं.

आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी मी स्वयंपाकघरात गेले तर बाईसाहेब स्टुलावर चढून, कुत्र्याचं पुस्तक उघडून किटलीच्या वाफेवर धरून उभ्या. ते तिने तुझ्या घरूनच आणलं होतं. मी बघत राहिले. वाफ लागून खळ मऊ झाली, तिने पट्टी घालून पानं अलगद सोडवली, वाचली, वाळवली आणि पुन्हा चिकटवली. मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, पहिल्यापासून. आई जी पानं चिकटवते ती सगळ्यात चांगली असतात, म्हणून मी आधी तीच वाचते, बाकीचं वेळ मिळाला तर. धाकटे, मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. इतक्या वर्षांत मला जमलं नाही ते तू केलंस. नऊ वर्षांच्या मुलीला नेमकं काय वाचायचं ते तू खुणा करून देत होतीस.

मग मी तिला माझे दोन प्रश्न विचारले. भीती कशाची वाटते, तर म्हणाली, आई रात्री शिवणयंत्रावर बसते पण यंत्र चालत नाही, त्याची. खोटं कुणाशी बोलतेस, तर क्षणाचाही वेळ न लावता, आईशी. ही मुलगी नऊ वर्षांची आहे असं कुणी म्हणावं? तिचे पाय तुझ्या बुटांत मुडपून बसले आहेत.

म्हणून मी शब्द मोडला. परवाच्या शनिवारी तिला घेऊन गेले. माझ्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की आज मुलांना पुस्तकं तू निवडून द्यायचीस. ती गुलाबी चष्मेवाली आली, बदक परत करायला. बाहेर कठड्यावर नेहमीची पाठ. वाळवीने तिला विचारलं, अगदी माझ्यासारखं, तुला कशाची भीती वाटते? छोटी म्हणाली, बाबांच्या सुटकेसची. वाळवीने विचारलं, कशी आहे सुटकेस? ती म्हणाली, हिरव्या पट्ट्याची. वाळवी थोडा वेळ तिच्या चष्म्याकडे बघत बसली. खिडकीकडे तिने बघितलंही नाही. उठली, कपाटापाशी गेली आणि गोगलगाईचं पुस्तक काढलं. मी स्वतः याहून चांगलं निवडलं नसतं. मग माझ्याकडे खळीचा डबा मागितला, पुस्तकाची पाठ सुटली आहे म्हणाली. तो मी दिला. तिने कोपऱ्यात बसून काय ते चिकटवलं, तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक छोटीच्या हातात दिलं.  मी सगळं नीट बघत होते.

रडली नाही, काही विचारलं नाही. घरी येऊन पोटभर जेवली. मी तुला हेच सांगत होते, ती तयार होती. तयार तू नव्हतीस.

आता माझ्या मनात आहे ते ऐक. ती माझ्याकडेच राहू दे. शाळा इथे आहे, ग्रंथालय आहे, आणि मी तिच्याशी खोटं बोलणार नाही. तुझ्याकडे ती खुजी राहील. तू बरी झालीस की बोलू.

लोभाचं नंतर बघू, आधी टाके सुकू देत.

ताई

०

१४ जून

ताईस,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही. टाक्यांमुळे नव्हे.

वाळवी शेजारच्या काकांबरोबर मागच्या आठवड्यात परत आली, हे तुला ठाऊकच आहे. तू तिला सोडत नव्हतीस असं काका म्हणाले. तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही. मी सहज विचारलं, मावशीच्या ग्रंथालयात कोण कोण येतं? म्हणाली, एक छोटी येते, ती कुत्र्याला भिते. मी म्हटलं, कुत्र्याला भिणं चांगलंच. मग आम्ही दोघी हसलो. मला हसताना टाके दुखतात, तर तिने माझ्या पोटावर उशी धरली. त्या वेळी मला कळत होतं की ती खोटं बोलते आहे, आणि तिलाही बहुधा कळत होतं की मला कळतंय. हे तुझ्या कुठल्या पुस्तकात बसतं ते तू शोध.

आता तुझ्या मापाचं एक सांगते. आजवर चिकटवून ठेवलं होतं.

तुझा हात कधी चुकलेला नाही असं तू लिहितेस. तो पहिल्यांदा तुझ्याकडे यायला लागला ते दिवस आठव. फ्रेमांची सुटकेस पायाशी ठेवून तुझ्या टेबलापुढे उभा राहायचा आणि तू त्याला पुस्तकं निवडून द्यायचीस, एकेक, चाखून बघितल्यासारखी. तो ती परत करताना असं काही बोलायचा की तू घरी येऊन मला तीच वाक्यं सांगायचीस. या माणसाला मी शब्दानशब्द ओळखते, असं म्हणायचीस. दोन आरशांसमोर उभी राहून केस बांधायचीस.

ताई, त्याने त्यातलं एकही पुस्तक उघडलं नव्हतं. तिथून तो थेट आमच्या दुकानात यायचा, पुस्तक माझ्यापुढे टाकायचा आणि म्हणायचा, यात काय आहे ते वाचून सांग, तुझी बहीण विचारते. मी वाचायचे. मला आवडलेलं त्याला सांगायचे, ते तो तुला सांगायचा. पानांवर चहाचे डाग पडलेले असत, ते तू त्याचे समजून बोट फिरवत होतीस ना? ते माझ्या कपाचे होते. तेव्हा तुझी निवड चुकली नव्हती, एवढं समाधान घे. पुस्तकं नेमकी माणसाच्या मापाची होती. माणूस मी होते.

आता तो शनिवारी कठड्यावर बसतो आणि तू खिडकी उघडी ठेवतेस. तो आत येत नाही, कारण आत पुस्तकं आहेत.

वाळवी तुझ्याकडे राहणार नाही.

धाकटी

०

२१ जून

चि. धाकटीस,

पत्र मिळालं. फाडलं नाही, मी कागद फाडत नाही. तू काय लिहिलंस त्यावर मी काही लिहिणार नाही. वाचणाऱ्याने वाचावं आणि जागेवर ठेवावं.

राहायचं की नाही हे वाळवीला विचार. तिला स्वतः लिहू दे, तुझ्या खळीशिवाय. ती येईल. तिने माझी खुर्ची बघितली आहे.

ताई

०

२ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे. आईही बरी आहे, पण अजून बादली उचलत नाही. मी उचलते.

आईने विचारलं की तुला मावशीकडे राहायला जायचंय का, आणि म्हणाली की जे काय असेल ते तूच लिही, मी वाचणार नाही. ती खरंच वाचत नाहीये. दुसऱ्या खोलीत मुद्दाम कपाट आवरते आहे, तेच कपाट ती सकाळीही आवरत होती.

मी येणार नाही. तुझी खुर्ची छान आहे, पण तिच्यावर बसलं की सगळे खालून वर बघतात आणि मग त्यांना जे सांगायचं नसतं तेही सांगतात. मला ते आवडलं नाही.

बाबांचं मला आधीपासून माहीत होतं, म्हणजे अर्धं. रंगपेटीवर आईच्या दुकानाशेजारच्या दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती, ती मी काढून टाकली, आईला दिसली असती तर वाईट वाटलं असतं. आणि ती मी उघडली नाही कारण उघडली असती तर बाबा आलेत असं खेळावं लागलं असतं. उरलेलं अर्धं त्या शनिवारी कळलं. तुला वाटलं असेल तू मला ते दाखवलंस. तू मला सांगितलं असतंस तर चाललं असतं. तू मला त्या छोटीला विचारायला लावलंस.

मी तिला गोगलगाईचं पुस्तक दिलं कारण त्यात सगळ्यांचं घर पाठीवर असतं. पण मधल्या एका पानावर बाबा गोगलगाय भिंतीवरून पलीकडे जाते आणि परत दिसत नाही. ते पान मी चिकटवलं. तुला खोटं सांगितलं की पाठ सुटली आहे. ती पाच वर्षांची आहे, तिला किटलीपर्यंत हात पोचायला अजून वेळ लागेल. तोवर चालेल. तिचा चष्मा आईने बसवलाय ना? टेकू आत वाकवलेले होते. आई माझ्या बाहुलीचाही तसाच बसवते. घरी येताना तू म्हणालीस की तू सगळं नीट बघत होतीस, पण तू माझ्याकडे बघत नव्हतीस. तू खिडकीबाहेर बघत होतीस.

आईला यातलं काही कळवू नकोस. तिला वाटतं की मला माहीत नाही, आणि तिला ते वाटत राहिलं तर ती झोपते. ती मोठी झाली की मी सांगेन.

आता पुस्तकाचं. तू मला नेहमी निवडून पाठवतेस, म्हणून मी तुझ्यासाठी एक निवडलं. आधी तुझेच दोन प्रश्न तुझ्यासाठी माझ्या मनात विचारले. भीती तुला याची वाटते की बाबा आत येतील, आणि येणार नाहीत याचीही वाटते. हे सोपं होतं. दुसऱ्याला वेळ लागला. तू कुणाशी खोटं बोलतेस ते मी फार शोधलं, आणि मग कळलं की तू कुणाशीच बोलत नाहीस. मला तुझ्यासाठी वाईट वाटलं, पण थोडंच.

मोठ्यांची पुस्तकं तुझ्याकडे खूप आहेत, म्हणून मी वय बघितलं नाही. बदकाचं पुस्तक पाठवते आहे. छोटीने परत केलं तेव्हा मी ते माझ्या नावावर लिहून घेतलं होतं. सगळ्यांचं पाणी गढूळ करणारं बदक, त्यात तू सगळीकडे आहेस. बोटभरही मोठं नाही, बरोबर बसेल.

फक्त शेवटची दोन पानं, जिथे त्याला परत तळ्यात घेतात, ती मी चिकटवली आहेत. चांगली घट्ट, वाफेने सुटणार नाहीत. ती तुझ्यासाठी अजून नाहीत.

लोभ असावा असं शेवटी लिहायचं असतं, आईने शिकवलं आहे.

तुझी भाची,
वाळवी
(आता हे नाव मला आवडत नाही, पण तुला दुसरं माहीत नाही म्हणून लिहिलं.)